दिवसाआड, साडेतीनला

आठवी मूठ

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अक्का ओसरीवर बसून रोटाचे गहू मोजत होत्या. घरात जितकी माणसं तितक्या मुठी. मूठ भरायची, माणसाचं नाव घ्यायचं, सुपात सोडायची. नानांची, थोरल्या मुलाची, सुनेची, दोन नातींची, सुरतला असलेल्या धाकट्याची आणि शेवटी स्वतःची. सात माणसं, सात मुठी. त्या गव्हाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही.

आमच्या भंडाऱ्याकडे कानबाई नसते. शिवाय मी पडले भाडेकरू. म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होते.

सातवी मूठ सोडून झाली आणि अक्कांचा हात परत गव्हात गेला. आठवी मूठ सुपात पडली. नाव न घेता.

अक्का आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "हाई कोनी व?"

ही कुणाची, असं विचारत होत्या. सून हसली. "तुम्हीच टाकी ना, अक्का."

"मी नही टाकी."

सुपात पडलेली मूठ परत काढत नाहीत म्हणे. ती तशीच राहिली. अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि सहज मान वर केली, तर समोर मी होते. त्यांनी पटकन नजर काढून घेतली. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. आजारपण आठवायला बसलं की मात्र पहिल्यांदा तेच सूप दिसतं.

मी हे का लिहिते

मी रेखा, वय चौतीस. सातवीत शाळा सुटली. चिठ्ठी आणि सामानाची यादी सोडली तर मी कधी काही लिहिलेलं नाही. धुळ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला एक वही दिली आणि म्हणाल्या, "जसं घडलं तसं लिहा. तुमच्यासारखी एखादी बाई वाचेल आणि पाच दिवस आधी येईल." ते पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहिते. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर नरडाण्याच्या एमआयडीसीत फिटर आहेत. आम्ही उन्हाळ्यात भंडाऱ्याहून इकडे आलो. जळगाव स्टेशन गेलं आणि खिडकीतून केळीचे हिरवे पट्टे दिसायचे बंद झाले, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आमच्या गावाला तलाव आहे, तलावात डोंगर उलटा दिसतो. इकडे नुसतं आभाळ.

नरडाण्याजवळच्या एका गावात अक्का आणि नानांच्या घरामागची खोली मिळाली. माणसं चांगली. पण अक्का माझ्याशी दारातून बोलायच्या. मीही कधी उंबरा ओलांडला नाही. मिस्टरांना कंपनीने महिनाभर नशिराबादजवळच्या कामावर धाडलं होतं, तिकडेच राहायचे. मी दिवसभर एकटी. कुणी नावाने हाक मारली तरी बरं वाटावं, अशी परिस्थिती.

आणखी एक सांगते, ते पुढे लागेल. गावात नळाला पाणी नवव्या-दहाव्या दिवशी येतं. माझ्या खोलीबाहेर तीन ड्रम असायचे. एकाचं झाकण फुटलेलं, त्यावर मी गोणपाट टाकायची. त्या पाण्यात बारीक वळवळ दिसायची. मी ओढणीने गाळून घ्यायची आणि वापरायची.

रविवार

कानबाईला बघायला ये, असं सुनेने बोलावलं. मी ओसरीच्या कडेला बसले. समोर चौरंगावर कानबाई. नारळच असतो, पण त्याला डोळे, नाक, नथ, कपाळाला मळवट, मागे जरीची साडी. बायका गाणी म्हणत होत्या. मला शब्द कळत नव्हते. नारळाचे डोळे चांदीचे होते आणि मी कुठेही सरकले तरी माझ्यावरच असायचे.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले. मी बघितलं, कारण तेवढ्यात माझ्या नखांना थंडी वाजली. आधी नखांनाच. नखं निळी झालेली मी बघत होते. मग थंडी मनगटातून वर चढली, आणि मला स्पष्ट वाटलं की कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून बसलंय. गार पाठ. मागे भिंत होती. तिथे माणूस बसायला जागाच नव्हती.

दात वाजायला लागले. मान डावी-उजवी व्हायला लागली, थांबवली तरी थांबेना. केस सुटले. गाणं बंद झालं आणि एक बाई ओरडली, "माय उनी! माय उनी व!"

आई आली, म्हणजे कानबाई माझ्या अंगात आली.

मला धरून आत नेलं. उंबरा ओलांडून. पाटावर बसवलं, कपाळभर हळदकुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. त्या पाण्याने मी आणखीच कापायला लागले. बायका एकेक करून पुढे येत होत्या आणि विचारत होत्या. पोरीचं जमेल का? सासऱ्याचं दुखणं उतरेल का? मी एक शब्द बोलले नाही. बोलायला तोंड धड बंद-उघड तर व्हायला हवं. पण कापणारं माणूस हो म्हणतंय की नाही, हे शेवटी बघणाऱ्याच्या हातात असतं.

सगळ्यांत शेवटी अक्का आल्या. त्यांनी काय विचारलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की छातीत डावीकडे आतून कुणी बोट लावल्यासारखं झालं आणि मी तिथे हात ठेवला. अक्कांचा चेहरा पांढरा पडला.

मग अंग तापलं, मग घाम फुटला, मग झोप. उठले तेव्हा दिवे लागलेले. अंगावर अक्कांची स्वतःची शाल होती.

मंगळवार, गुरुवार

सोमवारी मी ठणठणीत. सगळ्यांबरोबर नदीवर गेले. कानबाई डोक्यावरून नेली, पाण्यात सोडली, बायका फुगड्या खेळल्या. मला त्यांनी पुढे चालायला लावलं. रस्त्यात एका म्हातारीने माझे पाय धरले.

मंगळवारी बरोबर साडेतीनला परत तेच. या वेळी मी माझ्या खोलीत भांडी घासत होते. सुनेने बघितलं आणि अक्कांना हाक मारली. बायका आल्या. गुरुवारी तर तीन वाजल्यापासूनच येऊन बसल्या होत्या, नारळ घेऊन. पाटही आधीच मांडलेला.

आता जे लिहिते, ते लिहायला सगळ्यांत जड जातंय. मला माहीत होतं.

आमच्या गावात थंडीताप कुणाला नवा नाही. लहानपणी फवारणीवाले यायचे, बोट टोचून रक्त न्यायचे. माझ्या आत्याला असंच दिवसाआड यायचं. नखं निळी पडलेली मी पहिल्या दिवशीच बघितली होती. तरी गुरुवारी मी स्वतःच्या पायांनी जाऊन त्या पाटावर बसले. कारण त्या घरात मला पाट मांडला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारत होतं, रेखा जेवली का, रेखा कुठेय? ताप म्हटलं असतं तर मी परत मागच्या खोलीतली भाडेकरीण झाले असते.

आणि थोडं असंही वाटत होतं, की खरंच असेल तर? पाठीला पाठ लावून बसणारं कुणीतरी असायचं, हे तर मी खोटं सांगत नव्हते. ते यायचं त्याच्या आधी एक क्षण छातीतला ठोका थांबायचा. आत सगळं शांत. मग एक मोठा ठोका, दार वाजवल्यासारखा. मग थंडी.

गुरुवारी घाम आल्यावर मी उठायला गेले आणि पाटावरच पडले. बायकांनी हात जोडले.

नानांचा हिशोब

नाना म्हणजे अक्कांचे मालक. सत्तरीचे, सडपातळ, बोलणं कमी. दिवसभर शेतपंपाच्या लाइटची वाट बघणं हे त्यांचं मुख्य काम. शेतातली लाइट दिवसाआड येते, तिचं वेळापत्रक त्यांच्या खिशात असायचं.

शुक्रवारी सकाळी मी ओट्यावर बसले होते. आत नाना आणि अक्का बोलत होते. मला ऐकू जावं असंच नाना बोलत असावेत.

"लाइट बी दिवसाआड येस, हाई बी दिवसाआड येस. देवीले वेळापत्रक काबं लागस?"

"हळू बोला."

"काबं हळू? सोमवारले नदीमा सोडी उनूत ना आपण तिले? मंग आठे बठेल शे ती कोण?"

देवीला वेळापत्रक कशाला लागतं? आणि सोमवारी आपण तिला नदीत सोडून आलो, मग इथे बसलीय ती कोण? हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग अक्कांचा आवाज आला, अगदी बारीक.

"माले बी तेच भ्याव लागस."

नानांना वाटत होतं, हा हिवताप आहे. अक्कांना वाटत होतं, हे काहीतरी दुसरंच आहे आणि ते पोरीला घेऊन जाणार. दोघांचं एकच ठरलं, हिला डॉक्टरकडे न्यायचं. मी म्हटलं, "नाना, मी बरी आहे." त्या संध्याकाळी ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मी दोनदा बसले. तिसऱ्या पायरीवर बसूनच राहिले. नाना खुर्चीतून बघत होते. सकाळी सहाला ॲपे रिक्षा दारात उभी होती.

निदानाचा दिवस

नरडाण्यातल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि धरूनच ठेवली. मग मला आडवं करून हातापायांना चिमटे, छातीवर रबरी गोळे लावले. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरांनी तो बघितला, चिमटे तपासले, परत लावले. दुसरा कागद काढला. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"वय किती म्हणालात?"

"चौतीस."

"हा कागद चौतिशीतल्या बाईचा वाटत नाही."

मला आठवतं, मी त्या क्षणी मागे वळून बघितलं. खरंच सांगते. वाटलं, कागद माझ्या मागे बसणारीचा आला की काय. माझ्या मागे औषधाच्या जाहिरातीचं कॅलेंडर होतं.

नानांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हिवताप नाही का?"

"ताप असेल. पण आधी हृदय बघावं लागेल. आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या."

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लागून आत जाईपर्यंत दुपार झाली. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर होते. समोर घड्याळ. तीन वाजून पंचवीस. मी नानांना म्हटलं, "नाना, ती यायची वेळ झाली." नाना माझा हात धरून बसले. त्यांचा हात मऊ नाही, नांगराची मूठ धरलेला हात, पण त्यांनी तो सोडला नाही.

ठोका थांबला. मग दार वाजलं. मग नखं.

मी कापत होते, आणि आजूबाजूची माणसं बघत होती. कुणी हात जोडले नाहीत, कुणी ओरडलं नाही. एक सिस्टर चालता चालता थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "थंडी वाजतेय का, ताई?"

मला रडूच फुटलं. सहा दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

त्यांनी दोन ब्लँकेटं टाकली आणि त्याच थंडीत बोटातून रक्त घेतलं. संध्याकाळी तरुण डॉक्टर आले. म्हणाले, रक्तात मलेरियाचे जंतू भरपूर आहेत, आणि त्या आजारात हृदयालाही सूज आलीय. असं कमी जणांना होतं, पण होतं. मग विचारलं, "घरी पाणी किती दिवसांनी येतं?" मी ड्रमचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू त्यांनी माझी खोली बघितलेली होती.

उलटे डोंगर

दवाखान्यातले दिवस सारखेच. पहाटे झाडू, मग फिनाईलचा वास, मग चहावाला दारातून ओरडणार. सातला सिस्टर मशीन ढकलत यायच्या. गार जेली, सहा गोळे, चार चिमटे. औषधाचाही हृदयावर भार पडू शकतो, म्हणून रोज कागद काढून बघायचे आणि मगच डोस. गोळे काढले की छातीवर सहा लाल गोल उमटायचे, ते दुपारपर्यंत जायचे नाहीत.

एकदा मी सिस्टरना विचारलं, "यात काय दिसतं?"

"शाळा किती?"

"सातवी."

"मग पुरे आहे. हे बघा, हा उंच सुळका म्हणजे ठोका. त्याच्यामागे एक बारीक टेकडी असते. ती वर हवी. तुमची खाली आहे."

मी बघितलं. प्रत्येक ठोक्यामागे टेकडी उलटी. आमच्या तलावात दिसते तशी. लहानपणी आम्ही म्हणायचो, पाण्यातल्या डोंगरावर वेगळी माणसं राहतात, ती आपल्याकडे बघत असतात. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, मी अजून पाण्याच्या खालच्या बाजूला आहे. टेकड्या सुलट झाल्या की वर येईन. रोज सकाळी विचारायची, "आज?" सिस्टर म्हणायच्या, "अजून नाही, ताई. पण ठोका चुकत नाही आता."

मिस्टर नशिराबादहून आले ते संतापूनच. डबा टेबलावर आदळला. "देवी होती म्हणे! अन् मले एक फोन करता येत नव्हता?" मी म्हटलं, तुमचं काम सुटेल म्हणून नाही केला. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. नंतर तीन दिवस ते माझ्याशी फक्त गोळ्यांच्या वेळेबद्दल बोलले. आजाराने घरात असंही होतं, हे सांगायला हवं म्हणून सांगते. भंडाऱ्याहून माझ्या मायचा फोन आला तेव्हा तिला आवाजावरून कळलंच. "काहून व, आवाज काहून असा येते?" मी म्हटलं, सर्दी झाली.

अक्कांनी काय विचारलं होतं

चौथ्या दिवशी अक्का आल्या. भाकरी, मुगाची पातळ डाळ, आणि कपाळाला लावायला कसलीशी पुडी. सिस्टरनी पुडी बघून डोळे मोठे केले.

मी म्हटलं, "अक्का, रविवारी तुम्ही मला काय विचारलं होतं?"

"जाऊ दे ना व."

"सांगा ना. मला झोप लागत नाही."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, दरवर्षी त्या कानबाईला शेवटी एकच विचारतात. पुढला सालले बठ्ठा ऱ्हातीन ना, माय? पुढच्या वर्षी सगळे असतील ना?

"मग मी काय सांगितलं?"

"तू मान हालाडी. नही म्हणनी." अक्कांनी आपली मान हलवून दाखवली, डावी-उजवी. "मंग मी विचारं, कोण? तर तू आठे हात ठेवा."

त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. डावीकडे. जिथे माझ्या छातीवर सहा गोल उमटले होते.

आठव्या मुठीचा अर्थ त्यांनी तेव्हा सांगितला. सात माणसं, आठ मुठी. घरात नसलेल्या माणसाची मूठ आपल्या हाताने का पडली, ते रविवारी कळलं म्हणाल्या, ती मूठ माझी होती आणि पुढच्या वर्षी नसणारीही मीच. सहा दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या. मंगळवारी, गुरुवारी बायका प्रश्न विचारत होत्या तेव्हा अक्का मागे उभ्या राहून म्हणे मनातल्या मनात कानबाईची समजूत घालत होत्या, की ही परक्या मुलखातली आहे, हिला सोड.

मी त्यांना सगळं सांगितलं. थंडीने मान हलत होती. छातीत दुखत होतं म्हणून हात ठेवला. मी काही बोलले नव्हते, अक्का. कुणीच काही बोललं नव्हतं.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग खोटं काय सांगं व तिनी?"

डॉक्टर म्हणाले होते, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. मान हलली ती थंडीने, हे मला पक्कं माहीत आहे. पण हात जिथे गेला, दुखणं तिथेच होतं.

न आलेली वेळ

औषधं सुरू झाल्यावर सोमवारी थंडी आली, पण अर्धा तासच. बुधवारी दुपारी मी ब्लँकेट आधीच अंगावर घेऊन बसले. तीन वीस. तीन पंचवीस. शेजारच्या खाटेवरच्या बाई घोरत होत्या. साडेतीन. मी नखांकडे बघत होते. गुलाबी.

पावणेचार झाले. पाठ उशीला टेकलेली होती आणि उशी ऊबदार होती.

आनंद झाला, होणारच. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की मला क्षणभर एकटं वाटलं. ती जी कोण होती, तिला माझी वेळ पाठ होती.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. सिस्टरनी वही दिली ती तेव्हाच. शेवटच्या कागदावरही टेकडी जेमतेम सपाट झाली होती. पुढे पंधरा दिवस रोज एक गोळी होती, बरं वाटायला लागलं तरी ती मधेच सोडायची नाही, हे सिस्टरनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. तीन महिन्यांनी परत गेले. त्याच सिस्टर, तीच गार जेली. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. सुळका, आणि त्यामागे टेकडी. वर. मी ती टेकडी अंगठ्याने चाचपून बघितली, कागद तर सपाटच होता.

ड्रमला आता झाकणं आहेत. नानांनीच आणली. आठवड्यातून एकदा ड्रम घासून उन्हात पालथा घालतो, पाणी कमी पडलं तरी. आणि कुणाला वेळ धरून थंडी येत असेल, मग ती देवघरात येवो की शेतात, तर आधी रक्त तपासा. छातीत कसंतरी होत असेल तर तेही सांगा, लाजू नका. देवाचं नंतर बघता येतं. मी ही दोन-तीन वाक्यं लिहायला एवढी पानं घेतली.

या वर्षीची कानबाई

या श्रावणात शनिवारी अक्कांनी मला ओसरीवर बोलावलं. सूप मांडलेलं होतं. सात नावं, सात मुठी झाल्या. मग त्या सरकल्या आणि म्हणाल्या, "हात घाल."

मी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "घाल ना. गेल्या सालले अक्कानी बिननावनी टाकी, आते नाव लई टाक."

मी मूठ भरली. हात थरथरला, आणि ओसरीवरच्या सगळ्या जणी एकदम गप्प झाल्या. पण ती साधी भीतीची थरथर होती. मी म्हटलं, "रेखाची," आणि गहू सोडले.

रविवारी कानबाई बसली. तेच चांदीचे डोळे. दुपारी बायका आल्या, गाणी झाली. तीन वाजून गेले तसं माझ्या लक्षात आलं, की गाणाऱ्या बायका माझ्याकडे बघताहेत. एकीने पाट हळूच माझ्याकडे सरकवला. साडेतीनला गाणं आपोआप थांबलं. घड्याळाचा आवाज येत होता. अक्का चौरंगाशी हात जोडून बसल्या होत्या. त्यांनी या वर्षी कानबाईला काहीच विचारलं नव्हतं, हे मला सकाळपासून दिसत होतं.

मी छातीवर हात ठेवला. हाताखाली ठोका होता. एक, मग दुसरा, मग तिसरा. मधे कुणी थांबत नव्हतं, कुणी दार वाजवत नव्हतं.

बाहेरून नानांचा आवाज आला. "काय व, लाइट उनी का गयी?"

सून फसकन हसली. मग दोघी-तिघी हसल्या. अक्का उठल्या. आत जाऊन ताट घेऊन आल्या. रोट, वर तूप, बाजूला खीर आणि गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी. घरच्यांनीच खायचं ते ताट. त्यांनी ते माझ्यासमोर, त्या पाटापुढेच ठेवलं.

"ती नही उनी," अक्का म्हणाल्या. "तू शे ना? मंग जेव."